नळाचे पाणी आणि भूगर्भातील साठा : बऱ्हाणपूर जिल्ह्याचा अनुभव

मध्यप्रदेशातील बऱ्हाणपूर हा देशातील पहिला ‘हर घर जल’ प्रमाणित जिल्हा असल्याचे केंद्र शासनाच्या जलशक्ती मंत्रालयाने जुलै 2022 मध्ये घोषित केले. जल जीवन मिशनला 15 ऑगस्ट 2019 रोजी प्रारंभ झाला, त्या वेळी जिल्ह्यातील 37,241 ग्रामीण कुटुंबांच्या घरी नळाचे पाणी येत होते. पुढील चौतीस महिन्यांत ही संख्या 1,01,905 वर गेली, म्हणजे जिल्ह्यातील 254 गावांतील सर्व कुटुंबांना नळजोडणी मिळाली. यांशिवाय 640 शाळा, 547 अंगणवाड्या व 440 अन्य सार्वजनिक संस्थांनाही नळाद्वारे पाणी पोहोचविण्यात आले. पूर्व निमाड जिल्ह्यापासून 15 ऑगस्ट 2003 रोजी अलग होऊन अस्तित्वात आलेल्या, जळगाव, बुलढाणा व अमरावती या महाराष्ट्रातील तीन जिल्ह्यांना लागून असलेल्या या लहानशा जिल्ह्याने देशात पहिले स्थान मिळवावे, ही निश्चितच भूषणावह गोष्ट होय.

तथापि नळजोडणी पूर्ण झाली म्हणजे पाण्याचा प्रश्न कायमचा सुटला असे समजणे योग्य ठरणार नाही. नळ, जलवाहिनी व जलकुंभ ही पाणी वाटपाची साधने होत. पाणी निर्माण करण्याची शक्ती त्यांच्यात नाही. ते येते भूगर्भातून किंवा नदीतून. तो साठा भरलेला राहिला आणि साधनांची निगा राखली गेली, तरच नळाला पाणी राहील. हे समजून घेण्यासाठी बऱ्हाणपूरकरांना दूर जाण्याचे कारण नाही. सतराव्या शतकात या नगराला पाणी पुरविणारी एक संपूर्ण व्यवस्था नगराच्या उत्तरेस जमिनीखाली आजही पाहावयास मिळते. ती कशी चालत होती आणि तिचे पाणी कशाने घटले, याचा विचार 254 गावांतील प्रत्येक ग्रामस्थाला उपयुक्त ठरेल.

भूमिगत पाणीपुरवठा

फारुकी सुलतानांच्या खानदेशची राजधानी असलेले बऱ्हाणपूर 1601 मध्ये मोगल साम्राज्यात सामील झाले व दक्षिणेच्या मोहिमांचे मुख्य ठाणे बनले. फौजा, कारखाने, सराया आणि वाढती वस्ती यांना पुरेल इतके पाणी हवे होते. तापी नदी नगराला लागूनच वाहते. परंतु तिचे पात्र खोल असल्याने पाणी वर चढविणे कष्टाचे होते, आणि वेढ्याच्या प्रसंगी केवळ नदीवर विसंबून राहणे धोक्याचेही होते. अशा परिस्थितीत दक्षिणेचे सुभेदार अब्दुर रहीम खानखानान यांच्या काळात, 1615 च्या सुमारास, ज्याला आज कुंडी भंडारा अथवा खुनी भंडारा म्हणतात ते काम झाले. इराणमधील भूजलाचा जाणकार तबकुतुल अर्ज याने जागा निश्चित केली, असे परंपरेने सांगितले जाते.

या कामाची रचना साधी, परंतु अत्यंत विचारपूर्वक केलेली आहे. सातपुड्याच्या डोंगरांवर पडणारा पाऊस पायथ्याशी येताच जमिनीत मुरतो व भूगर्भातून हळूहळू तापीकडे झिरपत जातो. हे झिरपते पाणी वाटेतच अडविण्यासाठी एका रांगेत अनेक विहिरी, म्हणजे कुंड्या, खोदण्यात आल्या व त्या तळाशी भुयाराने एकमेकींना जोडण्यात आल्या. कुंडी भंडाऱ्याच्या अशा कुंड्या शंभराहून अधिक आहेत. भुयाराचा उतार जमिनीच्या उतारापेक्षा कमी ठेवण्यात आला. त्यामुळे भुयारात जमा झालेले पाणी कोणत्याही मोटेविना, रहाटाविना वा यंत्राविना आपल्याच वेगाने नगराच्या दिशेने वाहत असे. मूळ भंडारा, चिंताहरण व खुनी भंडारा यांचे पाणी जाली करंज येथे एकत्र होई व तेथून नळांद्वारे नगरात खेळविले जाई. कुंड्यांतून खोदकामाची माती वर काढता आली, भुयारात हवा व उजेड पोहोचला आणि साफसफाईसाठी माणसाला आत उतरता येऊ लागले. देखभालीची सोय मूळ आराखड्यातच करून ठेवलेली होती, ही या कामातील विशेष लक्षात घेण्याजोगी बाब होय.

बऱ्हाणपूरच्या परिसरात अशा आठ जलयोजनांच्या खुणा होत्या, अशी नोंद इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरमध्ये आढळते. त्यांपैकी दोन वाहत्या ओढ्यांवरून काढलेल्या होत्या व त्यांची मुखे त्या काळापर्यंत नष्ट झाली होती. उरलेल्या सहा भूमिगत विहिरींच्या होत्या. दक्षिणेत याच सुमारास मोगलांचा कट्टर प्रतिस्पर्धी मलिक अंबर याने खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे नहर-ए-अंबरी बांधली. तीही याच तत्त्वावर चालणारी. रणांगणावर एकमेकांविरुद्ध उभ्या ठाकलेल्या दोन सत्तांनी आपापल्या नगरांची तहान मात्र एकाच युक्तीने भागविली. मार्च 2024 मध्ये बऱ्हाणपूरच्या खुनी भंडाऱ्याचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत करण्यात आला.

भंडाऱ्याचे पाणी का घटले?

चारशे वर्षांनंतरही कुंडी भंडाऱ्याच्या भुयारात पाणी आहे. परंतु संपूर्ण नगराला पुरविण्याची त्याची पूर्वीची शक्ती राहिलेली नाही. याची कारणे दोन प्रकारची आहेत.

पहिले कारण भुयाराच्या आतील होय. येथील पाण्यात चुन्याचे प्रमाण अधिक आहे. त्यामुळे भिंतींवर व झऱ्यांच्या तोंडांवर पांढरे थर साचतात आणि पाणी आत येण्याच्या वाटा अरुंद होत जातात. त्यात कुंड्यांतून पडणाऱ्या मातीची व कचऱ्याची भर पडते. नियमित साफसफाई होत होती तोवर हा दोष आटोक्यात राहिला. नगराला पाण्याची दुसरी साधने मिळताच भंडाऱ्याची निगा राखण्याची निकड लोकांना वाटेनाशी झाली.

दुसरे कारण भुयाराच्या बाहेरचे असून ते अधिक गंभीर आहे. भुयार ठरावीक खोलीवर आहे. ते खाली सरकू शकत नाही. भूजलाची पातळी त्याच्या वर असेल तोपर्यंतच पाणी आत झिरपते. भंडाऱ्याच्या पाणलोट क्षेत्रात विहिरी व विंधण विहिरी वाढल्या, त्यांवर विजेचे पंप बसले आणि पाण्याचा उपसा पुनर्भरणापेक्षा अधिक होऊ लागला, की पातळी खाली जाते आणि भुयारात येणारे पाणी आपोआप कमी होते. भुयारातून पाणी वाहून येते ते त्याच्या पातळीच्या वरचेच. पंपाला मात्र अशी मर्यादा नसते. पाणी खाली गेले की पंपही खाली सोडता येतो व अधिक खोल विंधण घेता येते. त्यामुळे साठा कमी होत असल्याची जाणीव पुष्कळ उशिरा होते, आणि ती होते तेव्हा उपायाला वेळ उरलेला नसतो.

गावाच्या नळयोजनेचा पाया

ही गोष्ट आजच्या नळयोजनांना तंतोतंत लागू पडते. भूजलावर चालणाऱ्या गावाच्या योजनेत विंधण विहीर अथवा विहीर, पंप, जलकुंभ, वितरणवाहिनी आणि घरातील तोटी अशी साखळी असते. जल जीवन मिशनने दर माणशी दर दिवशी किमान 55 लिटर पाण्याचे प्रमाण ठरविले आहे. पाच माणसांच्या घराला त्यानुसार 275 लिटर, तर एक हजार वस्तीच्या गावाला दररोज 55,000 लिटर पाणी लागते. पावसाळ्यानंतर एवढे पाणी सहज मिळते. खरी परीक्षा होते ती चैत्र-वैशाखात.

गावाच्या पिण्याच्या पाण्याची गरज एकूण उपशाच्या मानाने थोडी असते. भूजलाचा फार मोठा भाग शेतीकडे जातो. बऱ्हाणपूर, रावेर व यावल या सलग पट्ट्यात केळीचे पीक मोठ्या प्रमाणावर घेतले जाते; केळीला वर्षभर पाणी लागते. शेतकऱ्याने केळी घेऊ नये असे कोणी म्हणणार नाही, कारण या पिकावरच या भागाची समृद्धी उभी आहे. परंतु पाटाने पाणी देण्याऐवजी ठिबक सिंचनाचा अवलंब, आच्छादनाचा उपयोग आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरीलगत नवीन विंधण न घेण्याचा गावाचा निर्णय, या तीन गोष्टींनी पिकाला व पिण्याला दोहोंनाही पाणी राहू शकते. तोच साठा शेजारच्या पंपाने उपसला, तर योजनेची विंधण विहीर कोरडी पडण्यास एक उन्हाळाही पुरेसा होतो.

जमिनीचा प्रकार ध्यानात घेऊन पुनर्भरणाचे काम करावे लागते. सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी दगडगोटे, वाळू व गाळ यांचा जाड थर आहे. भूशास्त्रज्ञ त्याला बझाडा म्हणतात. या थरात पाणी झपाट्याने मुरते. कुंडी भंडाऱ्याच्या कर्त्यांनी याच गुणाचा लाभ घेतला होता. म्हणून पायथ्याच्या गावांनी नाले खोल करणे, पाझर तलाव व पुनर्भरण चर घेणे विशेष फलदायी ठरते. डोंगराळ भागात मात्र काळा बेसॉल्ट खडक आहे. त्यात पाणी केवळ वरच्या झिजलेल्या थरात व भेगांत साठते. तेथे समतल चर, दगडी बांध व माथ्यावरील झाडी यांनी पावसाचा वेग कमी करणे हाच उपाय होय.

घराच्या छपराचा विचारही करण्यासारखा आहे. शंभर चौरस मीटर छपरावर वर्षभरात 800 मिलिमीटर पाऊस पडला, तर 80,000 लिटर पाणी त्यावर येते. त्यातील पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी 64,000 लिटर उरते. शाळा, पंचायत कार्यालय, समाजमंदिर यांच्या छपरांचे पाणी जाळी व वाळूच्या गाळणीतून पुनर्भरण खड्ड्यात सोडण्यास फार मोठा खर्च येत नाही. गाळणीविना गढूळ पाणी थेट विंधण विहिरीत सोडणे मात्र कटाक्षाने टाळावे.

प्रमाणपत्राचा अर्थ व समितीचे कर्तव्य

‘हर घर जल’ प्रमाणन केवळ खात्याच्या कागदांवर होत नाही. काम पूर्ण झाल्याचे विभागाने कळविल्यानंतर ग्रामपंचायत ग्रामसभा बोलावते. प्रत्येक घरास, शाळेस व अंगणवाडीस पाणी मिळत असल्याची खात्री करून ग्रामसभा ठराव संमत करते. बऱ्हाणपूर जिल्ह्यातील सर्व 254 गावांच्या ग्रामसभांनी असे ठराव केले. ठरावाचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यावा : या दिवसापासून योजना गावाची झाली.

ती चालविण्याचे काम ग्राम जल व स्वच्छता समितीकडे असते. दहा ते पंधरा सदस्यांच्या या समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, अशी मिशनची मार्गदर्शक सूचना आहे. पाणीपट्टी वसूल करून बँकेच्या खात्यात भरणे, पंपचालकाचे मानधन देणे, लहान दुरुस्त्या वेळेवर करून घेणे, ही तिची मुख्य कर्तव्ये होत.

पाणीपट्टी किती असावी, याबद्दल गावोगावी वाद होतात. त्याचा हिशेब उघडपणे केल्यास वाद मिटतो. वर्षाचे वीजबिल, पंपचालकाचे मानधन, शुद्धीकरणाचा खर्च, किरकोळ दुरुस्ती आणि पंप जळाल्यास लागणारी राखीव रक्कम यांची बेरीज करून तिला घरांच्या संख्येने व बारा महिन्यांनी भागावे. उदाहरणार्थ, 200 घरांच्या एखाद्या गावात हा सर्व खर्च वर्षाला 1,92,000 रुपये येत असेल, तर प्रत्येक घरावर दरमहा 80 रुपये बसतात. त्यांपैकी 50 घरांनी पट्टी भरली नाही, तर वर्षाअखेर 48,000 रुपयांची तूट येते. पंप जळाला की ती तूट उघडी पडते व नियमित पट्टी भरणाऱ्या दीडशे घरांचेही पाणी बंद होते. म्हणून थकबाकीची यादी, जमाखर्च व खात्यावरील शिल्लक दर ग्रामसभेत वाचून दाखविण्याचा प्रघात ठेवावा. पैसा कोठे गेला हे दिसले म्हणजे तो देण्यास माणूस सहसा कुरकुर करीत नाही. ज्या कुटुंबांची ऐपतच नाही त्यांच्याबाबत ग्रामसभेने स्वतंत्र निर्णय घ्यावा. परंतु तोही उघडपणे व्हावा.

पाण्याची शुद्धता

नळातून आले म्हणून पाणी शुद्धच असेल असे गृहीत धरू नये. वाहिनी गटारातून गेली असेल व ती कोठे फुटली असेल, तर पुरवठा बंद असताना बाहेरचे घाण पाणी आत शिरते. म्हणून प्रत्येक गावातील किमान पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संचाच्या साहाय्याने पाणी तपासण्याचे शिक्षण देण्याची तरतूद मिशनमध्ये आहे. भारतीय मानकानुसार पाण्याची सामू 6.5 ते 8.5 या दरम्यान असावी, नायट्रेट दर लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे आणि फ्लोराइड शक्यतो 1 मिलिग्रॅमच्या आत राहावे; दुसरा स्रोत नसेल तर ते 1.5 पर्यंत चालते. क्लोरीन मिसळल्यानंतर किमान अर्धा तास जाऊ द्यावा. शेवटच्या घराच्या तोटीवरही दर लिटरला 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक आढळावे. जंतुदोषाच्या तपासणीसाठी असलेल्या कुपीतील पाणी काळे पडल्यास ते दूषित असल्याची शंका घ्यावी, पिण्याचे पाणी उकळून घ्यावे व पंचायतीस आणि प्रयोगशाळेस तत्काळ कळवावे.

शिक्षकांना या कामी मोठे साहाय्य करता येईल. शाळेच्या नळाची तपासणी विद्यार्थ्यांसमोर करून दाखविणे, निकाल फळ्यावर लिहिणे व तो घरी सांगण्यास लावणे हा विज्ञानाचा उत्तम पाठ होय. तसेच गावातील एक निरीक्षण विहीर निवडून, शिक्षकाच्या देखरेखीखाली दर महिन्याच्या ठरावीक तारखेस तिच्या पाण्याची खोली मोजावी व आलेख काढावा. दिवाळीतील व मे महिन्यातील पातळी यांतील फरक दरसाल वाढत असेल, तर धोक्याची सूचना गावाला तीन-चार वर्षे आधीच मिळते. कुंडी भंडाऱ्याच्या बाबतीत अशी नोंद वेळीच डोळ्यांपुढे असती, तर तिचे महत्त्व सांगावे लागले नसते.

दोन राज्यांचा एक साठा

भूजलाला तालुक्याची किंवा राज्याची सीमा माहीत नसते. बऱ्हाणपूर व जळगाव जिल्ह्यांतून जाणारा सातपुडा-पायथ्याचा पट्टा एकच आहे. या जाणिवेतूनच 10 मे 2025 रोजी भोपाळ येथे मध्यप्रदेश व महाराष्ट्र या राज्यांमध्ये तापी खोरे महापुनर्भरण योजनेचा करार झाला. तीनुसार एकूण 31.13 अब्ज घनफूट पाण्यापैकी 11.76 अब्ज घनफूट मध्यप्रदेशाच्या व 19.36 अब्ज घनफूट महाराष्ट्राच्या वाट्यास येईल. मध्यप्रदेशातील 1,23,082 हेक्टर व महाराष्ट्रातील 2,34,706 हेक्टर क्षेत्राला लाभ मिळावा असे योजिले आहे. तापीचे पाणी पायथ्याच्या सच्छिद्र थरात मुरवून खालावलेली भूजलपातळी वर आणणे ही तिच्यामागील मुख्य कल्पना होय. कुंडी भंडाऱ्याच्या कर्त्यांनी जेथून पाणी काढले, तोच थर पुन्हा भरण्याचा हा उपक्रम आहे.

परंतु मोठ्या योजनेला वेळ लागतो, आणि तिचे पाणी येईपर्यंत गावाचा नळ थांबू शकत नाही. केंद्र शासनानेही 2025-26 च्या अर्थसंकल्पात जल जीवन मिशनची मुदत 2028 पर्यंत वाढविताना बांधकामाची गुणवत्ता आणि लोकसहभागातून चालणारी देखभाल यांवर भर दिला आहे.

ग्रामपंचायती, समित्या व संबंधित अधिकारी यांनी येत्या पावसाळ्यापूर्वी पुढील पाच गोष्टी पूर्ण कराव्यात : पाणीपुरवठ्याच्या स्रोताभोवतालचा परिसर स्वच्छ व संरक्षित करणे, त्याच्या वरच्या अंगास किमान एक पुनर्भरणाचे काम हाती घेणे, निरीक्षण विहिरीची नोंदवही सुरू करणे, पाणीपट्टीचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवणे, आणि शेवटच्या घरातील पाण्याची तपासणी करून निकाल पंचायतीच्या फलकावर लावणे. यांपैकी कोणत्याही कामासाठी नव्या शासकीय आदेशाची वाट पाहावी लागत नाही. ही पाचही कामे ज्या गावात नियमित होतील, तेथील ग्रामसभेचा 2022 पूर्वी वा 2022 मध्ये झालेला ठराव वैशाखातही खरा ठरेल.